मुरूडच्या घरात पुण्याचा कूलर नको

प्रश्न: आम्ही दोघं कर्वेनगरला राहतो. निवृत्तीनंतर वर्षातले निम्मे दिवस तरी किनाऱ्यावर काढायचे म्हणून दापोली तालुक्यात मुरूडला घर बांधलं आहे. भिंती जांभ्याच्या, वर सपाट स्लॅब, समुद्र चालत दहा मिनिटांवर. झोपायच्या खोल्या दोन, प्रत्येकी बारा बाय बारा. सासूबाई बरोबर असतील. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांना थंडी अजिबात सोसत नाही. पुण्यातले दोन मोठे कूलर तिकडे न्यावेत असं ह्यांचं म्हणणं. तिकडचा दुकानदार प्रत्येक खोलीला दोन टनाचा एसी आणि शिवाय हीटर घ्या म्हणतो. आम्ही काय करावं?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर: ताई, कूलर पुण्यातच राहू द्या. दोन टनाचे एसी घेऊ नका. हीटरचं शेवटी सांगते.

कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, आणि वाफ व्हायला हवा कोरडी लागते. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा ३९ वर असतो तेव्हा हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरलेली असते. अशा वेळी तापमापकाच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळून वारा घातला, तर पारा २२ अंशांपर्यंत खाली येतो. कूलर कितीही भारी घेतला तरी या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही, पण चांगला कूलर २५-२६ अंशांचा झोत देतो आणि माणूस सुखावतो. आता मुरूडची मे महिन्यातली दुपार घ्या. पारा ३३, आर्द्रता ७० टक्के. तिथे ओल्या फडक्याचा पारा २८ च्या खाली उतरतच नाही. म्हणजे कूलरमधून २९ अंशांची, पाण्याने भरलेली हवा येणार. घाम आधीच सुकत नव्हता, तो आता आणखी सुकेनासा होईल. गाद्या दमट होतील, कपाटातल्या साड्यांना वास येईल. पुण्यात उन्हाशी लढायचं असतं, किनाऱ्यावर ओलीशी. घरात जे काही बसवाल ते या एका कसोटीवर घासून बघा: यानं ओल कमी होते की वाढते?

म्हणून आधी छप्पर, मग वारा, मग पंखा, आणि सगळ्यात शेवटी एसी.

उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडत राहतो. त्याच्याखाली दोन टन काय, तीन टन लावले तरी यंत्र स्लॅबशीच झगडत बसेल. स्लॅबवर मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर घ्या. कौलं आणि स्लॅब यांच्यामधला भाग बंद करू नका, दोन्ही टोकांना जाळी ठेवून वारा खेळू द्या. पत्रा स्वस्त पडेल, पण खाऱ्या हवेत तो कधी गंजायला लागेल याचा भरवसा नाही. या छपराचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळेल. पुण्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दापोलीकडे तीन हजारांच्या वर. सपाट स्लॅब तिथे आज ना उद्या पाझरतोच, आणि पाझरला की भिंतीतली ओल वर्षभर घरात राहते. कोकणात स्लॅबच्या घरांवरसुद्धा लोक वरून छप्पर चढवतात ते उगीच नाही. शक्य असेल तर पश्चिमेला पडवी काढा. दुपारनंतरचं ऊन भिंतीला लागूच नये.

वाऱ्याचं म्हणाल, तर शाळेतला भूगोल आठवा. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे जातात. म्हणजे झोपायच्या खोलीला पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही बाजूंना उघडणारी जागा हवी. एका बाजूची खिडकी नसेल तर आतल्या दाराच्या वर झरोका काढून घ्या. डासांच्या जाळ्या लावाच, पण त्या अधूनमधून साध्या पाण्याने धुवा. मीठ आणि धूळ बसली की जाळीतून वारा येईनासा होतो, आणि आपल्याला वाटतं आज वारा पडलाय.

पंखे बीएलडीसी मोटरचे घ्या. साधा छताचा पंखा ७०-८० वॅट खातो, हा तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. अंगावर बऱ्यापैकी वारा असला की खोली दोन-तीन अंशांनी गार वाटते, आणि किनाऱ्यावर घाम सुकवायचं काम पंख्याइतकं स्वस्तात दुसरं काही करत नाही. पावसाळ्यात वीज गेली तरी घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरवर हे पंखे रात्रभर चालतात. एसी तसा चालणार नाही.

आता एसी. एक टन म्हणजे चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी उचलण्याची ताकद. हा टन जुना अमेरिकी, ९०७ किलोंचा. ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे ३,५०० वॅट. स्लॅबवर सावली झाली की बारा बाय बाराच्या जांभ्याच्या खोलीला एक टन पुरेसा आहे.

‘मोठा घेतला तर लवकर गार होईल, नुकसान काय?’ असं मला नेहमी विचारतात. किनाऱ्यावर नुकसान आहे, आणि ते रोज रात्री सोसावं लागतं. एसी दोन कामं करतो: हवा गार करतो आणि तिच्यातलं पाणी काढतो. पाणी निघतं ते थंड कॉइलवर, तेही कॉइल बराच वेळ थंड राहिली तर. मोठं यंत्र खोली पटकन ठरलेल्या अंशावर आणतं आणि लगेच मंदावतं किंवा थांबतं. कॉइल कोमट होते, तिच्यावर साचलेलं पाणी पुन्हा खोलीत उडतं. मग खोली थंड पण चिकट. माणूस आणखी दोन अंश खाली करतो, बिल वाढतं, चिकटपणा तसाच. एक टनाचं इन्व्हर्टर यंत्र (म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा एसी, बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) २६-२७ अंशांवर, वर पंखा मंद, असं संथ चालू द्या. फरक बघायचा असेल तर बाहेरच्या पाण्याच्या नळीकडे बघा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती जेमतेम ठिबकते. मुरूडला ताशी लिटर-दीड लिटर पाणी देईल. ते पाणी तुमच्या खोलीतून निघालेलं आहे, आणि यंत्राचं खरं काम तेच आहे. जूनमध्ये पारा उतरतो पण हवा ओलीच असते, तेव्हा ‘ड्राय’ मोड वापरा.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं म्हणणं आहे की सेटिंग एक अंशाने वाढवलं की वीज सुमारे सहा टक्के वाचते. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वरच सुरू होतात ते त्याच धोरणामुळे. तुम्ही हातानं २६ करा. लेबलवर नुसते तारे मोजू नका. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात, म्हणून दुकानात पडून राहिलेला जुना पाच तारे आणि नवा पाच तारे एक नसतात. लेबलावरचं वर्ष बघा आणि आयएसईईआरचा, म्हणजे हंगामभरातल्या कार्यक्षमतेचा आकडा बघा, जितका मोठा तितका चांगला. त्यावरचा वार्षिक विजेचा आकडा १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. तुम्ही फक्त रात्री, उन्हाळ्याचे महिने वापरणार असाल तर त्या मानाने हिशेब करा. सावलीतल्या खोलीत एक टनाच्या चांगल्या यंत्राला रात्रभरात चार-पाच युनिट लागतील.

आधी एकाच खोलीत बसवा. दुसऱ्या खोलीत भिंतीतलं भोक, पाण्याची नळी आणि वायरिंग आत्ताच करून ठेवा. एक उन्हाळा काढा. माझा अंदाज आहे की छप्पर झाल्यावर दुसऱ्या एसीची गरज तुम्हाला वाटणार नाही.

माझं माहेर रत्नागिरीजवळचं, म्हणून मिठाचं जरा ठासून सांगते. एसीच्या आउटडोअरमध्ये तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल. ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडायला लागतं. पुण्यात वर्षानुवर्षं टिकणारं यंत्र किनाऱ्यावर तीन-चार उन्हाळ्यांत खिळखिळं झालेलं मी पाहिलं आहे, आणि दोष यंत्राचा नव्हता, जागेचा होता. आउटडोअर पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून लावू नका. घराच्या पूर्वेला, पागोळीच्या आत, पण चारी बाजूंनी कोंडून नाही. भिंतीवरच्या लोखंडी ब्रॅकेटपेक्षा जमिनीवर दीड-दोन फूट उंचीचा सिमेंटचा चौथरा बांधा. त्याला गंजायला काही नाही, आणि धुवायलाही सोपं. बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. ३०४ समुद्राजवळ डागाळतं. कॉइलवर गंजरोधक लेप आहे ना, सर्किटच्या पट्टीवर लेप आहे का, हे विचारा. आणि गंजाबद्दल वॉरंटीच्या कागदावर काय छापलंय ते पैसे देण्याआधी वाचा. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून आउटडोअरची कॉइल साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. पावसाळा संपला की हे नक्की करायचं.

बसवणारा मेकॅनिक आला की एक गोष्ट उभं राहून बघा: नळ्या जोडल्यावर तो व्हॅक्यूम पंप लावतो का. वेळ वाचवायला बरेच जण थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून देतात. किनाऱ्यावरच्या त्या हवेत भरपूर पाणी असतं. ते आत राहिलं तर तेलात आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. शिवाय आता बहुतेक यंत्रांत आर-३२ नावाचा गॅस असतो, तो थोडा ज्वलनशील आहे. असा तो हवेत सोडणं योग्यच नाही. पंप नसेल तर काम उद्यावर ढकला. गावात व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर आणि चांगलं अर्थिंग हवंच, आणि महावितरणकडे मंजूर भार किती आहे तेही तपासा.

राहिला हीटर. दापोली गाव डोंगरावर आहे, तिथे डिसेंबर-जानेवारीत चांगली थंडी पडते. ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात ते याच दापोलीला. दुकानदार तिथला, त्यामुळे तो तिथल्या थंडीचं सांगतो आहे. तुमचं घर घाट उतरून खाली, किनाऱ्यावर. शेजारच्या हर्णैला हवामान खात्याची वेधशाळा आहे. तिथले जानेवारीतले पहाटेचे आकडे आणि पुण्याचे आकडे एक आठवडाभर रोज शेजारीशेजारी लिहून बघा. समुद्र रात्री उबदार राहतो आणि किनाऱ्यालाही तसंच ठेवतो. ज्या सासूबाईंनी पुण्याचा जानेवारी काढला आहे, त्यांना मुरूडचा सहज सोसेल. गोधडी, पायमोजे आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी एवढं पुरे. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीसाठी जास्तीचे पैसे तिथे वसूल होणार नाहीत. ते पैसे छपरात घाला.

तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते: घर बंद असताना काय? जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या घरात गाद्या, पुस्तकं, लाकडी कपाटं सगळ्यांना बुरशी धरते. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, दारं किलकिली ठेवा, गाद्या उभ्या करा. कोणी विश्वासू माणूस असेल तर उघडीप मिळाली की घर उघडून पंखे लावायला सांगा. डीह्युमिडिफायर मिळतो, तो हवेतलं पाणी काढतो, पण खोली थोडी तापवतो. म्हणून उन्हाळ्यात तो नको, पावसाळ्यात चालेल. माणूस घरात नसताना मात्र तो चालू ठेवून पुण्याला येऊ नका.


प्रश्न: माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोत समुद्राजवळच्या वस्तीत राहते. जुन्या घरात घर उबदार ठेवणारी, गॅसवर चालणारी भट्टी आहे, ती आता बदलायची वेळ आली आहे. एक कंत्राटदार नवी भट्टी आणि वेगळा एसी सांगतो, दुसरा म्हणतो हीट पंप घ्या. तिकडे उकडत नाही म्हणतात, मग एसी कशाला? तुमच्या शब्दांत समजावलंत तर तिला पाठवीन.
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर: काका, लेकीला दुसऱ्या कंत्राटदाराचं ऐकायला सांगा.

हीट पंप म्हणजे उलटा फिरू शकणारा एसी. आपल्या फ्रिजची मागची बाजू गरम लागते ना, आतली उष्णता उचलून तिथे टाकलेली असते. हीट पंप थंडीत बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात टाकतो. एक झडप फिरली की उन्हाळ्यात घरातली उचलून बाहेर. साध्या विजेच्या हीटरमध्ये एका युनिटला एकाच युनिटची ऊब मिळते. हीट पंप, बाहेर सात-आठ अंश असताना, तीनएक युनिटची देतो. कडाक्याच्या बर्फात हे प्रमाण घसरतं. पण सॅन फ्रान्सिस्कोत जानेवारीची पहाट साधारण आठ अंशांची, म्हणजे जवळजवळ पुण्याच्याच थंडीतली. या यंत्राला याहून सोयीची हवा मिळणं कठीण.

तिकडे उकडत नाही हे बऱ्याच अंशी खरं आहे. पॅसिफिकचं पाणी गार आणि वर धुकं, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या दुपारीसुद्धा पारा बहुधा विशीच्या आसपास असतो. गरम दिवस येतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पण १ सप्टेंबर २०१७ ला त्याच शहरात ४१ अंशांची नोंद झाली, आणि ती घरं उष्णता धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. दुसरं कारण धूर. २०२० च्या सप्टेंबरमध्ये वणव्यांच्या धुराने तिथलं आकाश भरदुपारी नारिंगी झालं होतं. अशा दिवसांत खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. बंद घरात गारवा आणि गाळलेली हवा, दोन्ही एकाच यंत्रातून मिळत असतील तर वेगळा एसी कशाला? धुराचे बारीक कण अडवणारा मर्व्ह-१३ दर्जाचा फिल्टर बसतो का, एवढं तिने आवर्जून विचारावं.

बिल कमी होईलच असं मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियात गॅसच्या मानाने वीज बरीच महाग आहे. तिने आपल्या विजेचा दर हातात घेऊन हिशेब करावा. पण पुढचाही विचार हवा: तिथल्या बे एरिया हवा-गुणवत्ता मंडळाने २०२३ च्या मार्चमध्ये जो नियम मंजूर केला त्यात नव्या घरगुती भट्ट्यांना २०२९ पासून, गॅस जळताना निघणारे नायट्रोजन ऑक्साइड शून्य ठेवण्याची अट घातली आहे. आज बसवलेली भट्टी पंधरा-वीस वर्षं राहते, म्हणजे ती बदलायची वेळ येईल तेव्हा हा नियम आडवा येईल.

कंत्राटदाराकडून ‘मॅन्युअल जे’ पद्धतीचा हिशेब लेखी घ्यावा, म्हणजे भिंती, खिडक्या, पोटमाळा मोजून काढलेली गरज. जुनी भट्टी जेवढी होती तेवढंच यंत्र द्यायची सवय तिकडेही आहे. आणि यंत्र घेण्याआधी पोटमाळ्यात इन्सुलेशन आहे का, खिडक्यांच्या फटींतून वारा येतो का, हे बघावं. मुरूडला छप्पर आधी, तसं तिथे हे आधी.


प्रश्न: नारायण पेठेत जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. जानेवारीत खोल्या फार गारठतात. वडील रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवायचं म्हणतात, पूर्वी वाड्यात ठेवायचे. चालेल का?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर: नाही. आज रात्रीसुद्धा नाही.

कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला डोकं दुखल्याचंही कळत नाही, तो उठतच नाही. वाड्यात दारं-खिडक्या फटींची असायची, वरून कौलातून हवा जायची. आता तुमच्या खोलीला बहुधा सरकत्या ॲल्युमिनियमच्या घट्ट खिडक्या आहेत. वडिलांना हे असंच समजावून सांगा, म्हणजे त्यांना आपलं म्हणणं मोडलं असं वाटणार नाही. बाथरूममधल्या गॅस गीझरलाही हेच लागू: झरोका उघडा हवा, आणि शक्य असेल तर तो गीझर बाथरूमच्या बाहेर हलवा.

वडिलांच्या खोलीसाठी तेलाचा हीटर घ्या, पट्ट्यापट्ट्यांचा. लाल तापलेली तार उघडी नसते, हवा फार कोरडी वाटत नाही. १,५०० वॅटचा दोन तास चालवलात तर तीन युनिट. झोपायच्या आधी खोली उबवायची आणि बंद करायचा. जुन्या इमारतीतलं वायरिंग बघून घ्या. सोळा अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट हवं, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. रात्रभरासाठी विजेची चादर फार कमी वीज खाते आणि म्हाताऱ्या माणसाला खोलीपेक्षा अंथरूणच गरम हवं असतं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर मात्र चादरीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.


प्रश्न: एसीच्या नळीतून पडणारं पाणी डिस्टिल्ड असतं, ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता येईल का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर: घालू नका. वाफेचं पाणी झालेलं असलं तरी ते कॉइलवरून आणि ट्रेमधून वाहत येतं, बरोबर धूळ, धातूचे कण आणि शेवाळ घेऊन येतं. त्याने बॅटरीच्या प्लेटा खराब होतात. पिण्यालाही नको. फरशी पुसायला, गाडी धुवायला आणि कुंड्यांना खुशाल वापरा.